तीळ, जव आणि ४०१

रात्री पावणेनऊला काकांचा फोन आला. "अगं, आज सतरा पुस्तकं चढवली, पण साइटवर एकही दिसत नाहीये. माझं काही चुकलं का?"

काका म्हणजे आमच्या गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. नात्यातले नव्हेत, पण मी चौथीत असल्यापासून त्यांना काकाच म्हणते. शासनाच्या वर्गवारीत 'ब' वर्गातलं हे तालुक्याचं वाचनालय. तिथे आलेलं प्रत्येक पुस्तक आधी दाखल नोंदवहीत जातं : दाखल क्रमांक, तारीख, लेखक, नाव, किंमत, कुणाकडून घेतलं. काका ते अजूनही निळ्या शाईने लिहितात आणि मग तीच नोंद संगणकावरच्या तक्त्यात भरतात. तिथून पुढचं काम मी लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रॅमचं. रोज संध्याकाळी सातला तो आपला आपण चालू होतो, नव्या नोंदी उचलतो आणि वाचनालयाच्या संकेतस्थळाला नेऊन देतो. संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे. माणसांनी पानं बघायला यायचं दार पुढे, आणि प्रोग्रॅमांनी ये-जा करायचं दार मागे; या मागच्या दाराला एपीआय म्हणतात. तिथे नाव सांगायचं, पासवर्ड सांगायचा आणि आणलेलं सामान आत ठेवायचं. तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. इतकं, की असा काही प्रोग्रॅम आपण लिहिलाय हे मी विसरूनही गेले होते.

पुण्यात माझ्या टेबलावर मी लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅमने दिवसभराच्या हकिगतीच्या ओळी लिहून ठेवलेल्या असतात, त्या पाहिल्या. सतरा पुस्तकांच्या सतरा ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच आकडा. ४०१.

वेबच्या व्यवहारात प्रत्येक मागणीला सर्व्हर तीन आकडी उत्तर देतो. २०० म्हणजे ठीक. ४०४ तर ज्याने त्याने कधी ना कधी पाहिलेला असतो, मागितलेलं पान सापडलं नाही. ४०१ आणि ४०३ ही जोडी मात्र नीट कान देऊन ऐकावी लागते. ४०१चं इंग्रजी नाव 'अनऑथराइज्ड', म्हणजे शब्दशः 'अधिकार नाही'. नाव असं असलं तरी त्याचा अर्थ तो नाही. तू कोण आहेस हे मला पटलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. अधिकार नाही हे सांगायला ४०३ आहे. वाड्याच्या देवडीवर बसलेला माणूस "कोण आहे?" म्हणून अडवतो ते ४०१, आणि "तुम्हाला ओळखतो, पण आज आत सोडायचा हुकूम नाही" म्हणतो ते ४०३. अडलेल्या माणसाला दोन्हींत फरक वाटत नाही, दार बंदच असतं. पण पुढे काय करायचं ते या फरकावरच ठरतं. ४०३ आला तर हुकूम देणाऱ्याकडे जायचं. ४०१ आला तर आधी आपण स्वतःकडे पाहायचं, निदान मला तरी तसंच वाटत होतं.

तेव्हा मी केलं ते सगळेच करतात. तोच पासवर्ड पुन्हा डकवला. पुन्हा ४०१. जपून ठेवलेल्या जागेवरून नव्याने उचलला, डकवला. ४०१. तिसऱ्यांदाही तेच. मग हात आवरला, कारण पुष्कळ सर्व्हर पाच-दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं काही काळ बंद करतात, आणि एकदा ते झालं की खरा पासवर्डही खोटा ठरतो. त्यानंतर कोणत्या नकाराचं कारण कोणतं, हे कुणालाच सांगता येत नाही.

पासवर्ड बदललेला नव्हता. प्रोग्रॅमलाही कुणी हात लावलेला नव्हता. कालपर्यंत चालत होतं. या धंद्यातलं हे सगळ्यांत जास्त बोललं जाणारं वाक्य असेल, आणि ते खोटं क्वचितच असतं.

या मागच्या दारावरची ओळख पटवायची रीत फार जुनी आहे. १९९६ साली, वेबचा व्यवहार ज्या नियमांनी चालतो त्या एचटीटीपीच्या १.० या आवृत्तीचा दस्तऐवज निघाला, त्याच्यात ती आहे, नाव 'बेसिक'. नाव आणि पासवर्ड यांच्यामध्ये अपूर्णविराम घालून दोन्ही जोडायचे. मग ती सगळी ओळ बेस ६४ नावाच्या वर्णमालेत उतरवायची आणि मागणीच्या माथ्यावर 'ऑथरायझेशन' अशा शीर्षकाखाली लिहून पाठवायची. नावात अपूर्णविराम चालत नाही, कारण सर्व्हर पहिल्या अपूर्णविरामाशी ओळ तोडतो. पासवर्डात तो खुशाल असावा. बेस ६४ म्हणजे इंग्रजी मोठी अक्षरं, लहान अक्षरं, दहा अंक आणि आणखी दोन चिन्हं, मिळून चौसष्ट. दर तीन बाइट उचलायचे आणि त्यांची चार अक्षरं करायची. शेवटी एखाद-दुसरा बाइट कमी पडला तर ती जागा बरोबरच्या चिन्हाने भरायची. दिसायला हे गूढ दिसतं, आणि म्हणून पुष्कळांना ते कुलूप वाटतं. ते कुलूप नव्हे. मोडी न येणाऱ्याला जुनं खत बंद पेटीसारखं वाटतं, पण ज्याला मोडी येते तो ते सरळ वाचून दाखवतो. तसं हे आहे. ही लिपी जगातल्या प्रत्येक संगणकाला येते. पासवर्ड राखला जातो तो पत्र ज्या लिफाफ्यातून जातं त्या एचटीटीपीएसमुळे, लिपीमुळे नाही.

त्या दस्तऐवजात समजावणीसाठी एक उदाहरण दिलं आहे, आणि पुढे १९९९च्या आणि २०१५च्या सुधारित दस्तऐवजांतही ते तसंच ठेवलं आहे. वापरणाऱ्याचं नाव अलादिन, आणि पासवर्ड 'ओपन सेसमी'. म्हणजे आपलं 'तिळा तिळा, दार उघड'. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते खटकलं होतं. तिळाचा शब्द अलीबाबाच्या गोष्टीतला, अलादिनच्या नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या काळापासून अरबी सुरस गोष्टी मराठीत आहेत, आणि आमच्या पिढीनेही त्या वाचनालयातूनच वाचल्या. काकांनीच माझ्या हातात दिल्या होत्या. नंतर कळलं की या दोन्ही गोष्टी जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीतच. हलब शहरातून आलेल्या हन्ना दियाब नावाच्या सीरियन माणसाने १७०९ साली पॅरिसमध्ये त्या आंत्वान गालांला तोंडी सांगितल्या आणि गालांने त्या आपल्या फ्रेंच भाषांतरात घातल्या. तेव्हा एकाच तोंडून आलेल्या दोन गोष्टींची पुढे जोडणी झाली, तर तेवढं खपवून घ्यावं असं आता वाटतं.

पण त्या रात्री मला अलीबाबा नाही, त्याचा भाऊ आठवत होता. कासिमला शब्द ठाऊक होता. तो शब्द म्हणूनच तो गुहेत शिरला, दार उघडलं. मोहरांच्या नादात तो शब्दच विसरला आणि बाहेर पडताना तीळ सोडून एकेका धान्याचं नाव घेत राहिला. जवा, दार उघड. दार हललं नाही. लहानपणी मला त्याची लोभाची बाजू दिसायची, तो मरतो हे योग्यच वाटायचं. आता दिसतं ते हे, की ज्या दाराने थोड्या वेळापूर्वी त्याला ऐकलं होतं तेच दार आता काही बोलत नाही. "चुकलास" असंही म्हणत नाही. धान्याचंच नाव आहे, जवळ आला आहेस, असंही नाही.

मी शब्द विसरले नव्हते. तेव्हा शब्द उच्चारताना काही झालं का, ते तपासायला घेतलं. पासवर्डाच्या शेवटी न दिसणारं काहीतरी चिकटणं ही नेहमीची भानगड. डोळ्यांना पासवर्ड संपलेला दिसतो, आणि त्याच्यामागे एक रिकामी जागा किंवा ओळ संपल्याची खूण उभी असते. टर्मिनलमध्ये 'एको' ही आज्ञा वापरून पासवर्ड बेस ६४मध्ये उतरवला की ती आज्ञा सवयीने शेवटी नवी ओळ जोडते, एक बाइट. अलादिनचंच उदाहरण घ्या. त्याची ओळ एकोणीस बाइटची. बेस ६४मध्ये ती 'झेड, क्यू, बरोबर, बरोबर' अशी संपते. शेवटी नवी ओळ चिकटली तर वीस बाइट होतात आणि शेवट होतो 'झेड, क्यू, लहान ओ, बरोबर'. दोनांतलं एक बरोबरचं चिन्ह जाऊन तिथे एक लहान 'ओ' येतो, एवढाच फरक. बाकी सगळी ओळ अक्षरशः तीच. ज्याने तो 'ओ' एकदा पाहिला त्याला तो पुढे गर्दीतही दिसतो. ऑफिसात एकदा आमचा अर्धा दिवस डॉलरच्या चिन्हाने खाल्ला होता : पासवर्डात डॉलर होता, आणि दुहेरी अवतरणात डॉलर दिसला की टर्मिनल त्याच्या पुढच्या अक्षरांना एखाद्या साठवलेल्या किमतीचं नाव समजून ती खाऊन टाकतं.

आज तसं काही नव्हतं. प्रोग्रॅमने पाठवलेली ओळ मी उलटी उकलून पाहिली. नाव, अपूर्णविराम, चोवीस अक्षरं-अंक. शेवटी काही नाही.

मराठीत हा न दिसण्याचा प्रकार फार सूक्ष्म होतो, आणि काकांमुळेच मी तो शिकले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या लॉग-इनसाठी हौसेने मराठी पासवर्ड ठेवला, 'दुसऱ्या कपाटातली किल्ली' असा काहीतरी, जागा न सोडता. वाचनालयातल्या संगणकावर तो चालायचा, मोबाइलवर चालायचा नाही. काका मला तो अक्षर-अक्षर सांगायचे, मी अक्षर-अक्षर लिहायची, दोन्ही पडद्यांवर तेच दिसायचं. दोष होता 'दुसऱ्या'तल्या अर्ध्या र मध्ये. चंद्रकोरीसारखा दिसणारा हा र मराठीचा लाडका, आणि संगणकात तो लिहायच्या रीती दोन. एकीत टिंबवाला ऱ, मग पाय मोडायची खूण, मग य. एका 'ऱ्य'चे नऊ बाइट. दुसरीत साधा र, पाय मोडायची खूण, मग डोळ्यांना मुळीच न दिसणारं एक जोडचिन्ह, आणि मग य, बारा बाइट. कागदावर छापा, दोन्ही एकसारखे. पडद्यावरही एकसारखे. पण पासवर्ड तपासणारा डोळ्यांनी वाचत नाही, बाइट मोजतो. त्याला नऊ आणि बारा हे दोन वेगळे शब्द. मी काकांना 'दुसऱ्या' काढून 'चौथ्या' घालायला सांगितलं. ते म्हणाले, "पण किल्ली दुसऱ्याच कपाटात आहे गं." त्यांच्या आवाजात खंत होती, आणि ती मला आजही रास्त वाटते. आपल्या भाषेतला एक धडधाकट शब्द, वाचायला निःसंदिग्ध, त्याला दारावर दोन चेहरे असावेत आणि त्यांतला एक परका ठरावा, हे मला मान्य होत नाही. दोन्ही रीती एक धरून मगच तपासणी करावी, एवढं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना सहज जमण्यासारखं आहे. पासवर्ड साठवायची एक नामांकित पद्धत आहे, बीक्रिप्ट, १९९९ची. ती पहिले बहात्तर बाइटच पाहते. इंग्रजीत ती बहात्तर अक्षरं होतात. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून फक्त चोवीस, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांट्याही वेगळ्या मोजायच्या. लांबलचक मराठी वाक्य पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्याचं निम्मं-अधिक वाक्य कुणी ऐकतच नाही, आणि हे त्याला कुणी सांगतही नाही.

साडेनऊला काकांचा पुन्हा फोन. "तुझं जेवण झालं का? उद्या केलंस तरी चालेल. पण माझं काही चुकलं असेल तर सांग."

या 'माझं काही चुकलं का'ने मला अस्वस्थ केलं. नकाराचं कारण कळलं नाही की माणूस पहिला स्वतःला धरतो. माझ्या वडिलांना हाताचा कंप सुरू झाला त्या वर्षी बँकेत त्यांची सही जुळेना. मी सोबत होते. खिडकीतल्या बाईंनी चेक परत सरकवला आणि म्हणाल्या, "काका, सही जुळत नाहीये." बाबा एवढेसे झाले. स्वतःचंच नाव लिहायला चुकलो, असं त्यांच्या चेहऱ्यावर. दुसऱ्यांदाही जुळली नाही. तेव्हा त्या बाईंनी नमुना सहीचं कार्ड एकदा पाहिलं, मान जरा पुढे काढली आणि हळूच म्हणाल्या, "शेवटच्या अक्षराची शेपटी तुम्ही खाली ओढून डावीकडे वळवायचात. घाई करू नका." बाबांनी शेपटी वळवली. चेक पास झाला. घरी येईपर्यंत बाबा त्या बाईंचं कौतुक करत होते.

सर्व्हर शेपटीचं सांगत नाही. मला पूर्वी हा कोरडेपणा वाटायचा. पुढे स्वतः अशी दारं बांधायला लागले तेव्हा समजलं की त्या बाईंनी बाबांना जे सांगितलं तेच बाबांच्या चेकबुकासह आलेल्या चोरालाही उपयोगी पडलं असतं. समोर बसलेला थरथरता हात त्या पाहू शकत होत्या, म्हणून त्यांना ते सांगता आलं. सर्व्हरला हात दिसत नाही. तेव्हा पुष्कळ ठिकाणी 'नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे' एवढंच मोघम लिहितात, यातलं काय चुकलं ते मुद्दाम सांगत नाहीत, नाहीतर कोणती नावं खरी आहेत याची यादी कुणीही विचारून विचारून करील. नीट लिहिलेला प्रोग्रॅम तर दोन खुणा ताडून पाहताना पहिल्याच अक्षराला फरक सापडला तरी शेवटपर्यंत जातो, म्हणजे 'नाही' म्हणायला किती वेळ लागला यावरूनही कुणाला काही उमगू नये.

आणि खरं म्हणजे त्याने सांगायचं ठरवलं तरी त्याला सांगता येणार नाही. बँकेपाशी नमुना सही असते, सर्व्हरपाशी नमुना नसतो. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली युनिक्समधल्या पासवर्डांवर एक निबंध लिहिला, त्यातली रीत आज सुधारून सगळीकडे आहे : पासवर्ड ठेवायचाच नाही. त्याला अशा प्रक्रियेतून काढायचं की बाहेर आलेल्या खुणेवरून मूळ शब्द परत मिळवता येणार नाही, आणि प्रत्येकाच्या शब्दात चिमूटभर वेगळं मीठ घालायचं, म्हणजे दोघांचा शब्द एक असला तरी खुणा वेगळ्या. मीठ हा त्यांचाच शब्द. दारावर शब्द आला की त्यालाही त्याच प्रक्रियेतून काढायचं आणि दोन खुणा ताडायच्या. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी खूण पार निराळी येते. तेव्हा आपण किती जवळ होतो, शेपटीच तेवढी राहिली होती की सगळंच चुकलं, हे नकार देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हे कळल्यापासून मला त्या मौनाचा राग येत नाही. माझा शब्द तो स्वतःजवळही ठेवत नाही, हा माझाच मान आहे.

पण मग ज्याला आत जायचा हक्क आहे त्याने काय करायचं? मी पुन्हा उत्तराकडे वळले. आतापर्यंत फक्त आकडा पाहिला होता. आकड्याखाली बहुधा एखादं वाक्य असतं, ते वाचायचं राहून गेलं होतं.

वर्डप्रेसच्या एपीआयमध्ये एक पत्ता आहे, त्याचं काम एवढंच की विचारणाऱ्याला तो कोण आहे ते सांगायचं. 'मी कोण?' मी माझं नाव आणि पासवर्ड देऊन त्याला विचारलं. उत्तर आलं, ४०१, आणि खाली वाक्य : तुम्ही सध्या लॉग-इन केलेलं नाही.

मी ते दोन-तीनदा वाचलं. पासवर्ड चुकीचा आहे, असं ते म्हणत नव्हतं. तुम्ही लॉग-इन केलेलं नाही, म्हणत होतं. एखाद्याने दारावर नाव सांगावं आणि आतून आवाज यावा, "कुणीतरी आल्यासारखं वाटतंय."

तेव्हा मी रात्रभरात पहिल्यांदा खोटं बोलले. नाव तेच ठेवलं आणि पासवर्डाच्या जागी लिहिलं, 'जव'.

वर्डप्रेस या बाबतीत इतरांपेक्षा जास्त बोलकं आहे. प्रोग्रॅमसाठी दिलेला पासवर्ड चुकला तर तो चुकला असं ते स्पष्ट सांगतं. इथे ते सांगायला हवं होतं. आलं काय? तुम्ही सध्या लॉग-इन केलेलं नाही. अक्षर न् अक्षर तेच. मग नावही खोटं दिलं, या संकेतस्थळावर कुणाचंच नसलेलं. तेच. शेवटी नाव नाही, पासवर्ड नाही, रित्या हाताने विचारलं, मी कोण? तेच.

खरं बोलले, खोटं बोलले, काहीच बोलले नाही. तिन्हींना उत्तर एक. म्हणजे माझा शब्द तोलून नाकारलेला नव्हता. तो आत पोहोचलाच नव्हता. दीड तास मी शब्द घासून-पुसून बघत होते, आणि ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत काहीच जात नव्हतं. खुर्चीत मागे टेकले तेव्हा कळलं की खांदे केव्हापासून आखडलेले होते.

हा उपाय मला कुणी शिकवला नव्हता, पण आता मी नव्या मुलांना पहिल्यांदा हाच सांगते. खरा पासवर्ड चौथ्यांदा देऊ नका, एकदा मुद्दाम खोटा द्या. खोट्यालाही तेच उत्तर आलं, तर पासवर्ड सोडा आणि वाट तपासा.

वाटेत कोण होतं, ते आता शोधायचं. काकांना विचारलं, "संकेतस्थळाची जागा आपण ज्यांच्याकडून भाड्याने घेतली आहे, त्यांचा काही मेल आला होता का?" काका म्हणाले, "आला होता ना परवा. इंग्रजीत होता, मला जाहिरात वाटली. वाचू का?" आणि त्यांनी तो वाचून दाखवला, एकेक शब्द जपून उच्चारत. संकेतस्थळ बुधवारी मध्यरात्री नव्या यंत्रावर हलवणार, तुम्हाला काहीही करावं लागणार नाही.

नवं यंत्र म्हणजे नवी मांडणी. मागणी आली की आधी वेब सर्व्हर तिला घेतो आणि मग ती आतल्या प्रोग्रॅमच्या हाती देतो. आतला प्रोग्रॅम सीजीआय नावाच्या जुन्या पद्धतीने चालवला, तर अपाची सर्व्हर देताना ऑथरायझेशनची ओळ काढून ठेवतो. खोडी म्हणून नव्हे. ओळख पटवायचं काम सर्व्हर स्वतः करत असेल तर आतल्या प्रत्येक प्रोग्रॅमला लोकांचे पासवर्ड दिसायची गरज नाही, असा त्यामागे विचार आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. पण आमच्याकडे ओळख पटवणारा आत बसलेला. तेव्हा ती ओळ आत जाऊ द्या, असं सर्व्हरला वेगळं सांगावं लागतं. त्यासाठी संकेतस्थळाच्या मुळाशी एक फाइल असते. तिच्या नावाची सुरुवात टिंबाने होते, आणि टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली नेहमीच्या यादीत दिसत नाहीत. जागा हलवणाऱ्यांनी ती आपल्या साच्यातून नव्याने लिहिली होती. बाकी सगळं होतं, ती एक ओळ नव्हती.

मी ती ओळ घातली. पुन्हा विचारलं, मी कोण?

२००. आणि खाली प्रोग्रॅमसाठी तीन वर्षांपूर्वी काकांनीच सुचवलेलं नाव : 'हमाल'.

खात्री म्हणून 'जव' पुन्हा पाठवला. आता उत्तर आलं, पासवर्ड चुकीचा आहे. इतक्या आनंदाने मी तो नकार दुसऱ्या कुठल्या दिवशी वाचला नसता.

प्रोग्रॅम चालवला. सतरा ओळी, सतरांच्या शेवटी २०१. नवी नोंद झाली की हा आकडा येतो. काकांना फोन केला. ते जागेच होते. "काका, तुमचं काही चुकलं नव्हतं. माझंही नाही. आपण बोलत होतो ते पलीकडे ऐकूच जात नव्हतं." पलीकडे त्यांनी पान ताजं केलं असावं, मग हळू आवाजात ते दाखल क्रमांक वाचू लागले, एकेक, नोंदवहीशी ताडत. मी मध्ये बोलले नाही. सतरावा झाल्यावर म्हणाले, "आहेत. सगळी आहेत. झोप आता."

झोपण्याआधी एक काम उरलं होतं. प्रोग्रॅमांसाठी असे वेगळे पासवर्ड देण्याची सोय वर्डप्रेसमध्ये २०२०च्या डिसेंबरपासून आहे. माणसाचा मुख्य पासवर्ड प्रोग्रॅमच्या हाती द्यायचाच नाही, हा विचार त्याच सुमारास सगळीकडे पक्का होत होता. प्रोग्रॅम लिहिणारे आपलं काम जिथे ठेवतात त्या गिटहबने त्याच वर्षी १३ नोव्हेंबरपासून एपीआयला खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं. वाड्याची मुख्य किल्ली न देता फक्त मागच्या पडवीची द्यावी, आणि हरवली तर तेवढंच कुलूप बदलावं, तसं. मी ती यादी उघडली. 'हमाल'च्या पासवर्डासमोर तो शेवटचा कधी वापरला गेला याची तारीख असते. तीही मी आधी पाहायला हवी होती; दुरुस्ती होईपर्यंत तिथे आधीचीच तारीख उभी असणार.

त्या दीड तासात मी तो पासवर्ड टर्मिनलमध्ये किती वेळा लिहिला होता. बेस ६४मध्ये उतरवला, उकलला, एका कोऱ्या फाइलीत डकवून अक्षरं मोजली. सगळं बोलून दाखवणाऱ्या लॉगमध्ये तो उघडा पडला होता, आणि ते लॉग कुठे कुठे राहतात याचा हिशेब लागत नाही. एवढ्या ठिकाणी दिसलेला पासवर्ड ठेवता येत नाही. मी त्याच्यासमोरचं 'रद्द करा' दाबलं. तो पहिल्या मिनिटापासून बरोबर होता.

नवा मागितला. पडद्यावर चार-चार अक्षरांचे सहा गट आले. हे एकदाच दाखवलं जाईल, पुन्हा नाही, असं खाली लिहिलं होतं. मी ते उचलून प्रोग्रॅमच्या फाइलीत ठेवले आणि शेवटच्या अक्षरामागे काही चिकटलंय का, ते पाहिलं.